‘पाठिंबा’ कोणत्या रंगात दाखवायचा? पुण्यातल्या एका इराक-प्रदर्शनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इराकवरच्या अमेरिकी आक्रमणाला मार्च २०२३ मध्ये वीस वर्षं पूर्ण होत होती. त्या निमित्ताने पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागाने तीन दिवसांचं फलक-प्रदर्शन ठरवलं. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. काम करणारी माणसं सात होती: एक प्राध्यापिका, एक ग्रंथपाल आणि शेवटच्या वर्षाचे पाच विद्यार्थी. एकूण नऊ फलक होते. आठ फलक ३ बाय ४ फुटांचे आणि मधोमध ६ बाय ४ फुटांचा जगाचा नकाशा. नकाशाचं शीर्षक ‘कोण बाजूने, कोण विरोधात’.

वेळापत्रक पहिल्यापासूनच तंग होतं. २० मार्चला सोमवार आणि २२ तारखेला गुढीपाडवा. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात पेठांमधल्या छपाईवाल्यांकडे शोभायात्रांच्या फ्लेक्सची रांग लागते, त्यामुळे शुक्रवारी दुपारपर्यंत फाइल दिली नाही तर सोमवारी फलक मिळण्याची खात्री नव्हती. बुधवारी संध्याकाळी नकाशाचं कच्चं मुद्रित विभागाच्या व्हरांड्यात लावलं, आणि प्रकरण तिथून सुरू झालं.

नकाशात ४९ देश हिरवे होते. हा आकडा अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने मार्च २००३ च्या अखेरीस दिलेल्या ‘इच्छुकांच्या आघाडी’च्या यादीतून घेतला होता. फ्रान्स, जर्मनी, रशिया, चीन, सीरिया आणि आणखी काही देश लाल होते. उरलेले देश करडे आणि इराक पांढरा.

अडचण

गुरुवारी दुपारपर्यंत नकाशाखालच्या कोऱ्या कागदावर सहा शेरे जमा झाले. त्यातले चार निरुत्तर करणारे होते.

पहिला शेरा: पलाऊ, मायक्रोनेशिया, मार्शल बेटं, सॉलोमन बेटं, आइसलँड आणि कोस्टारिका हे सहा देश हिरवे आहेत, पण त्यांच्याकडे सैन्यच नाही. मग त्यांनी ‘पाठिंबा’ दिला म्हणजे नेमकं काय दिलं? त्यातही सॉलोमन बेटांच्या पंतप्रधानांनी आपल्याला याची कल्पनाच नसल्याचं तेव्हा सांगितलं होतं. कोस्टारिकाच्या घटनापीठाने सप्टेंबर २००४ मध्ये सरकारचा पाठिंबा घटनाबाह्य ठरवला, आणि त्यानंतर देशाचं नाव यादीतून काढायला सांगण्यात आलं.

दुसरा शेरा तुर्कस्तानवर होता. नकाशा रंगवणाऱ्या विद्यार्थ्याने यादीत नाव आहे म्हणून तो हिरवा केला होता. शेजारच्या फलकावर मात्र ‘तुर्की संसदेने अमेरिकी सैन्याला वाट नाकारली’ असा मथळा होता. दोन्ही खरं आहे, पण दोन्ही फलक एकाच भिंतीवर लागणार होते.

तिसरा शेरा: स्पेन गडद हिरवा, आणि त्याच्या खालच्या फलकावर १५ फेब्रुवारी २००३ च्या माद्रिद-बार्सिलोनाच्या अफाट मोर्चांची हकिगत. स्पेन ‘बाजूने’ म्हणजे स्पेनमधलं कोण?

चौथा शेरा पुण्यातच शिकणाऱ्या एका इराकी विद्यार्थ्याचा. त्याने हिंदीत एकच ओळ लिहिली होती: ‘हम सफ़ेद क्यों हैं?’

हा घोळ निष्काळजीपणातून झालेला नव्हता, हे नोंदवायला हवं. यादी खरी होती आणि नकाशाही यादीबरहुकूम होता. पण ही यादी युद्ध करणाऱ्या पक्षानेच तयार केलेली, आणि नावं जास्त दिसावीत हाच तिचा हेतू. १८ मार्च २००३ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ३० देशांची नावं जाहीर केली आणि ‘आणखी १५ देश आहेत, पण त्यांना नाव नको आहे’ असं सांगितलं. नाव सांगायला जो देश तयार नाही, त्याचा पाठिंबा नकाशावर कुठे काढायचा? विभागाने पाठिंबा मोजायला घेतला, पण मोजपट्टी एका पक्षाच्या हातची होती.

कोणते पर्याय होते

गुरुवारी संध्याकाळी दोन तास चर्चा झाली. टेबलावर चार पर्याय होते.

तळटीप. नकाशा तसाच ठेवायचा आणि खाली ‘यादी अमेरिकी सरकारची’ असं लिहायचं. सर्वांत स्वस्त आणि वेळेत बसणारा पर्याय. पण सहा फुटांच्या नकाशाखालची तळटीप कोणी वाचत नाही, रंग तेवढे लक्षात राहतात.

फक्त सैन्य. प्रत्यक्ष स्वारीत उतरलेल्यांनाच रंग द्यायचा. मग अमेरिका, ब्रिटन (सुमारे ४६,०००), ऑस्ट्रेलिया (सुमारे २,०००) आणि पोलंड (सुमारे २००) एवढेच उरतात. डेन्मार्कने पाणबुडी आणि एक युद्धनौका दिली होती, तिचा वाद वेगळाच. या मांडणीत ‘४९ देश’ या आकड्यातली हवा निघून जाते, हे बरंच. पण कुवेतही नाहीसा होतो, आणि दक्षिणेकडून आत गेलेलं बहुतेक भूदल कुवेतमधूनच निघालं होतं. कतारमध्ये अमेरिकी सेनापतींचं पुढचं मुख्यालय होतं, सौदी अरेबियातल्या तळावरून हवाई मोहिमेचं नियंत्रण चालत होतं. हे दोघे तर यादीतही नाहीत. ज्यांच्यावाचून मोहीम अडली असती ते करडे राहिले असते.

सुरक्षा परिषदेतलं मतदान. हा पर्याय सगळ्यांना पटला आणि दहा मिनिटांत कोसळला. एका विद्यार्थ्याने ‘४ विरुद्ध ११’ असा तक्ता आधीच बनवला होता. अडचण अशी की हे मतदान झालंच नव्हतं. ८ नोव्हेंबर २००२ चा ठराव १४४१ पंधरा विरुद्ध शून्य असा मंजूर झाला, पण त्यात बळाच्या वापराला थेट परवानगी नव्हती. अमेरिका, ब्रिटन आणि स्पेन यांनी २४ फेब्रुवारी २००३ ला आणलेला दुसरा मसुदा १७ मार्चला मताला न टाकताच मागे घेतला गेला. मंजुरीला नऊ मतं आणि कोणाचाही नकाराधिकार नको, अशी अट होती. उघड बाजूने चार (तिघे आणि बल्गेरिया), उघड विरोधात पाच (फ्रान्स, रशिया, चीन, जर्मनी, सीरिया). मधले सहा म्हणजे अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान. त्यांच्यावर महिनाभर दबाव होता आणि त्यांनी शेवटपर्यंत हात वर केला नाही. या सहांना ‘विरोधात’ धरलं की अकराचा आकडा बनतो. अंदाज म्हणून तो ठीक आहे, मतदान म्हणून छापला तर चूक.

रकान्यांचा तक्ता. नकाशा लहान करायचा आणि त्याच्या जागी निवडक देशांचा तक्ता: सरकारची भूमिका, संसदेत काय झालं, प्रत्यक्ष काय दिलं, जनमत काय होतं. पाचवा रकाना ‘नंतर काय झालं’. शेवटी हा पर्याय निवडला. त्याची किंमत एक रात्र जागरण आणि दुसरं मुद्रित.

केलेलं काम

*आधी तारीख गोठवली.* पहिल्या चार रकान्यांत २० मार्च २००३ पर्यंतचंच लिहायचं, बाकी सगळं पाचव्यात. हा नियम नसता तर २००४ मध्ये इराकमधल्या समावा इथे पोचलेले जपानी जवान आणि स्पेनचे नंतरचे १,३०० सैनिक आक्रमणाच्या खात्यात जमा झाले असते. अशी सरमिसळ छापील मजकुरातही सर्रास आढळते.

*देश बारा.* निवडीचा निकष असा की ज्या देशात निदान दोन रकाने एकमेकांशी भांडतात तोच घ्यायचा. सगळं एकसुरी असेल तर तक्त्याची गरज नाही.

*तुर्कस्तानच्या ओळीला सर्वाधिक वेळ गेला,* आणि तो योग्यच होता. १ मार्च २००३ ला संसदेपुढे ६२,००० अमेरिकी सैनिकांना तुर्की भूमीवर येऊ देण्याचा प्रस्ताव होता. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. सुरुवातीला प्रस्ताव मंजूर झाल्याच्या बातम्या गेल्या. पण नियम उपस्थितांच्या बहुमताचा. हजर ५३३, म्हणजे हवी होती २६७ मतं. तीन मतं कमी पडली. सत्ताधारी पक्षाला स्पष्ट बहुमत होतं, तरी त्याच्यातलेच अनेक जण फुटले. जनमताचा भार प्रचंड विरोधात होता, आणि सरकार पाठिंब्याच्या बदल्यात अब्जावधी डॉलरच्या मदतीची बोलणी करत होतं. परिणाम कागदी नव्हता. अमेरिकेच्या चौथ्या पायदळ डिव्हिजनची सामग्री भूमध्य समुद्रात जहाजांवर ताटकळली आणि शेवटी सुवेझमार्गे कुवेतला वळवावी लागली. उत्तरेची आघाडी २६ मार्चला उत्तर इराकमधल्या बाशुर इथे उतरवलेल्या सुमारे हजार छत्रीधारी जवानांवर, विशेष दलांवर आणि कुर्दांच्या पेशमर्गा या लढाऊ दलांवर आली. २० मार्चला मात्र त्याच संसदेने हवाई हद्द खुली केली. म्हणून तुर्कस्तानच्या तिसऱ्या रकान्यात ‘जमीन : नाही. आकाश : हो’ असं लिहिलं गेलं. नकाशातल्या एका रंगात हे मावणारच नव्हतं.

*जर्मनी* याच्या अगदी उलट. श्रॉडर सरकारने निवडणूकच विरोधावर लढवली होती, पण अमेरिकी तळ, हवाई हद्द आणि जखमींसाठीचं लांडश्टूलचं लष्करी रुग्णालय सगळं चालू राहिलं, तळांच्या पहाऱ्याला जर्मन जवान दिले गेले. पहिल्या रकान्यात ‘ठाम विरोध’, तिसऱ्यात ‘तळ वापरात’. आयर्लंडचंही तेच: यादीत नाव नाही, पण शॅनन विमानतळावर अमेरिकी सैनिकांची विमानं थांबत होती.

*ब्रिटनच्या* ओळीत संसदेचा रकाना भरगच्च. १८ मार्चला युद्धाच्या बाजूने ४१२, विरोधात १४९. युद्धाची गरज सिद्ध झालेली नाही अशा दुरुस्तीला २१७ मतं, त्यात मजूर पक्षाचे १३९ बंडखोर. आदल्या दिवशी रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळ सोडलं होतं.

*जनमताचा रकाना* सर्वांत घसरडा. नियम केला की प्रत्येक टक्केवारीजवळ तारीख, चाचणी घेणारी संस्था आणि प्रश्नाचा आशय हवा. तिन्ही नसतील तर चौकट रिकामी. ‘संयुक्त राष्ट्रांची परवानगी मिळाली तर?’, ‘परवानगीशिवाय?’ आणि ‘आता युद्ध सुरू झालंय, तर?’ असे तीन वेगळे प्रश्न सगळीकडे एकाच आकड्याच्या नावाखाली फिरतात. अमेरिकेत गॅलपच्या २२-२३ मार्चच्या चाचणीत ७२ टक्के बाजूने होते, पण पहिला बाँब पडल्यानंतर. त्याआधीच्या महिन्यात हाच आकडा साठीच्या आसपास होता. सैनिक रणात असताना लोक सरकारमागे उभे राहतात, हे कुठल्याही देशात घडतं. स्पेनमध्ये सरकारी समाजशास्त्रीय संशोधन केंद्राच्याच पाहणीत ९१ टक्के विरोधात निघाले, आणि तरीही पंतप्रधान अस्नार १६ मार्चला अझोर्स बेटांवर बुश, ब्लेअर आणि यजमान पोर्तुगालचे पंतप्रधान बारोसो यांच्या शेजारी उभे राहिले.

*मोर्च्यांचे आकडे.* १५ फेब्रुवारीला जगभरातल्या सुमारे ६०० शहरांत लोक रस्त्यावर आले. लंडनचा आकडा पोलिसांच्या मते साडेसात लाख, आयोजकांच्या मते वीस लाखांपर्यंत. रोमच्या मोर्च्याची सर्वांत मोठी युद्धविरोधी सभा म्हणून विक्रमांच्या पुस्तकात नोंद आहे. सरासरी काढायची नाही, दोन्ही आकडे आणि सांगणाऱ्याचं नाव छापायचं असं ठरलं. गर्दी मोजायची साधी पद्धत क्षेत्रफळाची: सैल गर्दीत माणशी सुमारे १० चौरस फूट, दाटीवाटीत साडेचार. पण ही पद्धत एका क्षणी उभ्या असलेल्यांनाच मोजते. पालखीच्या दिवशी अलका चौकात चार वाजता किती माणसं होती आणि दिवसभरात तिथून किती गेली, या दोन आकड्यांत जो फरक पडतो, तोच मोर्च्यांतही पडतो. पुणेकर प्रेक्षकाला हे समजवायला एवढं एक वाक्य पुरलं.

*भारताची ओळ* सोपी वाटली होती. पहिल्या मसुद्यात होतं, ‘भारताने निषेध केला’. ग्रंथपालांनी शब्दाला हरकत घेतली. वाजपेयी सरकारची भाषा मध्यममार्गाची होती. २० मार्चच्या निवेदनात कारवाई समर्थनीय नाही इतकंच म्हटलं होतं. विरोधकांना संसदेचा कडक ठराव हवा होता. इंग्रजी ‘कंडेम’ (कडक) की ‘डिप्लोर’ (सौम्य) यावर घोडं अडलं, आणि तोडगा हिंदीत सापडला: ‘निंदा’. दोन्ही बाजूंना त्यातून हवा तो इंग्रजी शब्द वाचता येत होता. ८ एप्रिलला अध्यक्ष मनोहर जोशी यांनी हा ठराव लोकसभेत मांडला आणि तो एकमताने झाला. दुसऱ्याच दिवशी बगदाद पडलं. मराठीत ‘निषेध’ लिहिलं असतं तर तडजोडीतली सगळी कारागिरी पुसली गेली असती. म्हणून ‘निंदा’ अवतरणात ठेवली. शिवाय ठराव २० मार्चनंतरचा, त्यामुळे तो पाचव्या रकान्यात गेला. त्याखाली दुसरी नोंद: अमेरिकेला भारताची एक डिव्हिजन, म्हणजे सतराएक हजार जवान, इराकमध्ये हवे होते. सुरक्षा परिषदेचा २२ मे चा ठराव १४८३ पुरेसा मानायचा का, यावर दीड-दोन महिने खल झाला, आणि १४ जुलै २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य नाही असं ठरवलं.

*इराकची ओळ* शुक्रवारी सकाळपर्यंत नव्हती. ज्याच्यावर स्वारी झाली त्या देशाला ‘बाजूने की विरोधात’ हा प्रश्न लागूच नाही, असं तोवर सगळ्यांनी धरलं होतं. पण उत्तरेतले कुर्द अमेरिकी दलांबरोबर लढले, बाकी देशात मोकळी जनमत चाचणी शक्य नव्हती, आणि उपलब्ध एकमेव ‘आकडा’ १५ ऑक्टोबर २००२ च्या सार्वमताचा: सद्दामला १०० टक्के मतं. हा आकडा जनमताच्या रकान्यात लिहायचा का? प्राध्यापिकांचं म्हणणं, लिहू नका, लोक खरा समजतील. एका विद्यार्थिनीचं म्हणणं, ‘मॅडम, तो न लिहिता चौकट रिकामी ठेवली तर कोणी विचारलंच नाही असं वाटेल.’ वाद सुटला नाही आणि फाइल इराकच्या ओळीविना छपाईला गेली.

निष्पत्ती

फलक सोमवारी सकाळी साडेनऊला हातात आले, प्रदर्शन अकराला उघडलं. पाडव्याची सुट्टी सोडून सोमवार, मंगळवार आणि गुरुवार असे तीन दिवस ते चाललं.

मजकुराच्या दृष्टीने तक्ता टिकला. हरकती आल्या त्या एखाद्या चौकटीवर, मांडणीवर नाही. तुर्कस्तानच्या ओळीपुढे एक निवृत्त लष्करी अधिकारी बराच वेळ उभे होते. ‘सुवेझमार्गे’ हा शब्द बघून त्यांनी दोन विद्यार्थ्यांना रसदीचा हिशेब सविस्तर समजावला.

छपाईच्या दृष्टीने मात्र तीन चुका झाल्या. बारा ओळी आणि देशाच्या नावासकट सहा रकाने म्हणजे ७२ चौकटी, त्या लहान केलेल्या नकाशाशेजारी सहा फुटांत कोंबल्या. अक्षर जेमतेम सहा मिलिमीटर उंच. दहा फुटांवरून सहज वाचायला साधारण एक इंच उंचीचं अक्षर लागतं, आणि देवनागरीत वर-खाली मात्रा-उकार असल्याने त्याहून थोडं मोठंच. लोक कमरेत वाकून वाचत होते आणि मागचे ताटकळत होते. दुसरी चूक: छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर फुटला आणि ‘तुर्कस्तान’मधला रफार भलत्याच अक्षरावर गेला. ‘कर्व्ह करून आणा’, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून आणा, असं त्याने गुरुवारीच सांगितलं होतं. घाईत पीडीएफ तशीच गेली. रविवारी चिकटपट्टी लावून दुरुस्ती करता आली असती, पण फलकच सोमवारी आले, त्यामुळे तो रफार तीन दिवस तसाच राहिला. तिसरी: लहान केलेल्या नकाशात इराक अजूनही पांढराच होता. तो बदलायचा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

बारा देश जास्त झाले. सात पुरले असते: तुर्कस्तान, स्पेन, ब्रिटन, जर्मनी, कुवेत, कोस्टारिका, भारत. तुर्कस्तानचा स्वतंत्र फलक हवा होता. मतांची बेरीज, नियम आणि जहाजांचा मार्ग हे तिघं एकत्र दिसले तर संसदेतली तीन मतं रणांगणावर कुठे पोचतात ते चित्रातच कळतं.

कच्चं मुद्रित व्हरांड्यात लावणं हा सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी निर्णय होता, पण तो छपाईच्या दोन दिवस आधी नव्हे, दोन आठवडे आधी घ्यायला हवा होता. शेऱ्यांसाठी कागद सोडला नसता तर मूळ नकाशाच भिंतीवर गेला असता. यादी कोणी, कधी आणि कशासाठी केली याचा छोटा फलक अगदी पहिला लावला असता, तर निम्मे प्रश्न तिथेच सुटले असते.

सैन्याचा रकाना आणि तळ-आकाशमार्गाचा रकाना वेगळे करायचे की एकच ठेवायचा, यावर विभागात अजून एकमत नाही. एकच ठेवला तर कुवेत आणि पोलंड शेजारी-शेजारी बसतात आणि दोघांचं वजन सारखं वाटतं. वेगळे केले तर तक्ता पुन्हा रुंद होतो.

इराकच्या ओळीचा वाद मंगळवारी दुपारी सुटला, तोही अर्धाच. त्या इराकी विद्यार्थ्याने स्वतः ए-फोर कागदावर हाताने ओळ लिहून आणली आणि ती तक्त्याखाली टाचणीने लावली. जनमताच्या चौकटीत त्याने ‘१०० टक्के (सरकारी)’ असं लिहून त्यावर एक बारीक रेघ मारली होती, वाचता येईल अशी.